अर्जातला एक रकाना



कवीला बोलायला बोलावले की त्याने कवितेविषयी बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. मी मात्र आज एका अर्जाविषयी बोलणार आहे. गेली दोन वर्षे आमच्या घरात कवितेपेक्षा या अर्जाचीच चर्चा जास्त झाली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी राज्यशास्त्रात पीएचडी करायला निघाली आहे. मी स्वतः बी.ए. होऊन नोकरीला लागलो आणि तिथेच थांबलो. पीएचडी म्हणजे आमच्यासाठी दुरून दिसणारा डोंगर. तो आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण चढलेले घरात कोणी नाही. भाचीचे बोट धरून मी त्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. तुमच्याही घरात किंवा शेजारी अशी एखादी मुलगी असेल, म्हणून तिथे जे पाहिले ते सांगतो.

बहीण घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहते, मी मरोळला. मेट्रोने आमच्यामध्ये फक्त साकीनाका हे एक स्टेशन. त्यामुळे अर्जाचा प्रत्येक कागद, त्यावरचा प्रत्येक वाद संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पोचायचा. शेजारापाजाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती. ‘डॉक्टर होणार म्हणजे दवाखाना इथेच काढणार ना?’ राज्यशास्त्रातली डॉक्टर, असे सांगितल्यावर दुसरा प्रश्न यायचा : ‘म्हणजे इलेक्शनला उभी राहणार?’ माझे मेहुणे रिक्षा चालवतात. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. किती वर्षे लागतील आणि तोवर खायचे काय? हसण्यावारी नेण्यासारखे हे प्रश्न नव्हते. पीएचडीचे सगळे नियम शेवटी याच दोन प्रश्नांभोवती फिरतात, हे मला पुढे कळले.

आधी नियम थोडक्यात सांगून टाकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पीएचडीची नवी नियमावली आणली. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. मागासवर्गीय, इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अपंग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. त्यापुढे पुनर्नोंदणी करून दोन वर्षे वाढवून मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. प्रवेशाला वयाची अट नाही. मात्र शिष्यवृत्तीला आहे. ‘जेआरएफ’ म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते.

मग येते परीक्षा. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापली प्रवेश परीक्षा घेत असे. आपल्याकडे तिला ‘पेट’ म्हणतात आणि त्या नावाने मेहुण्यांची पुष्कळ करमणूक झाली. मार्च २०२४ मध्ये आयोगाने जाहीर केले, की प्रवेशासाठी ‘नेट’ या राष्ट्रीय परीक्षेचे गुण धरता येतील. त्यात पास होणाऱ्यांचे तीन गट पडतात. सर्वांत वर शिष्यवृत्ती मिळवणारे, मग सहायक प्राध्यापक व्हायला पात्र ठरणारे आणि तिसरे फक्त पीएचडीच्या प्रवेशाला पात्र. खालच्या दोन गटांत परीक्षेच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३० टक्के आणि ते गुण टिकतात एकच वर्ष. या नव्या पद्धतीची पहिली परीक्षा १८ जून २०२४ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली. देशभरातल्या नऊ लाखांहून अधिक मुलांना ती पुन्हा द्यावी लागली. आमची भाची त्यानंतरच्या परीक्षेला बसली आणि तिसऱ्या गटात पास झाली. आनंद झाला, पण घड्याळही सुरू झाले. एका वर्षाच्या आत मार्गदर्शक शोधायचा, जागा मिळवायची, नाहीतर पुन्हा परीक्षा.

मार्गदर्शकाचे गणित तर मुंबईतल्या खोलीसारखे आहे. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठच विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. आधीच्या कोणी प्रबंध सादर करून जागा सोडली, तरच नव्याचा नंबर लागतो. भाची घाटकोपरला एका खासगी क्लासमध्ये नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवते. नोकरी सोडणे शक्य नव्हते. नियमावलीत अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, पण त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ‘ना हरकत’ पत्र लागते. हिला अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कामातून मोकळे करू, असे त्यात लिहून द्यावे लागते. क्लासच्या मालकांनी असे पत्र जन्मात लिहिले नव्हते. ते म्हणाले, ‘तुझे मामू लेखक आहेत ना? त्यांच्याकडून लिहून आण, मी सही करतो.’ माझ्या लेखनाचा इतका तातडीचा उपयोग याआधी कोणाला झाल्याचे आठवत नाही.

हे सगळे तसे खटाटोपाचे काम. धावपळ केली की होते. खरी अडचण एका छोट्या रकान्यात होती. अर्जात लिहिलेले असते : ‘संशोधनाचा नियोजित विषय’. पुढे एक ओळ रिकामी. या एका ओळीपायी सहा महिने गेले.

कारण तो विषय भाचीने ठरवायच्या आधीच इतरांनी ठरवून ठेवला होता. कॉलेजातले जुने सर भेटले, त्यांनी सुचवले : ‘मुस्लिम महिलांचा राजकीय सहभाग’. ग्रंथालयात ओळख झालेल्या एका ताईंचे मत पडले, ‘तलाकच्या कायद्यावर कर, लगेच मार्गदर्शक मिळेल.’ आमच्या मशिदीच्या कमिटीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी फोन करून सांगितले, ‘बेटी, सच्चर समितीवर लिही, कौमची खिदमत होईल.’ तिघांचे हेतू चांगले होते. तिघांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. तरी तिघांनी तिला एकाच खोलीचा पत्ता दिला.

भाचीच्या डोक्यात वेगळेच होते. तिचा प्रश्न पाण्याचा होता. टेकडीवर वाढलेल्या मुलीला पाणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मुंबईला सात तलावांतून पाणी येते, हे शाळेत पाठ केलेले असते. ते पाणी टेकडीच्या कोणत्या पायरीपर्यंत चढते आणि कोणत्या वेळी, हे घरात पाठ होते. नळाला दाब नसला की पंप लावायचा, पंप जळला की वर्गणी काढायची, वर्गणी संपली की नगरसेवकाच्या कार्यालयात जायचे. नगरसेवक काम करो न करो, तिथे बसायला बाक असतो, पाटीवर नाव असते आणि नावाला शिव्या तरी देता येतात.

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली. २२७ नगरसेवक एका दिवसात माजी झाले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षे या एवढ्या मोठ्या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. वर्तमानपत्रांत यावर लिहून आले ते बहुतेक पक्षांच्या अंगाने. निवडणूक लांबली तर फायदा कोणाचा, तोटा कोणाचा. भाचीचा प्रश्न साधा होता. त्या चार वर्षांत टेकडीवरच्या बायका पाण्याची तक्रार घेऊन कोणाकडे गेल्या? माजी नगरसेवकाकडे? आमदाराकडे? वॉर्ड ऑफिसात? पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडे? की कोणाकडेच नाही? लोकशाहीतला एक मजला काढून घेतला, तर वरचा मजला खालच्या माणसाला ऐकू येतो का?

मला राज्यशास्त्र कळत नाही. पण हा प्रश्न ऐकल्यावर मी तिला म्हणालो, हीच तुझी ओळ, रकान्यात हीच जाणार.

तर पहिल्या मुलाखतीला ती हा विषय घेऊन गेली. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. टेबलाच्या पलीकडे पाच जण. आराखडा चाळून झाल्यावर एका वयस्क गृहस्थांनी अतिशय प्रेमाने विचारले, ‘विषय चांगला आहे. पण तुम्हाला तुमच्या समाजातल्या स्त्रियांवर काम करणे अधिक सोपे नाही का जाणार?’ भाची म्हणाली, ‘सर, पाण्याच्या रांगेत आमच्या समाजातल्या बायका असतातच. पण रांग सगळ्यांची आहे.’

त्या यादीत तिचे नाव आले नाही. कारण कळवण्याची पद्धत नसते आणि ते त्या एका प्रश्नात शोधणेही रास्त होणार नाही. जागा दोन होत्या, उमेदवार पुष्कळ होते. पण तो प्रश्न मात्र मला चांगला ओळखीचा होता.

मी पस्तीसेक वर्षे मराठीत कविता लिहितो आहे. पावसावर लिहिले, लोकलवर लिहिले, वडिलांच्या हातावर लिहिले. विशेषांकाचे संपादक फोन करतात तेव्हा मात्र विचारतात, ‘ईदवर एखादी आहे का?’ शहरात काही अशांत घडले, की शांततेवरच्या कवितेची मागणी येते. पावसाळी अंकात पाऊस इतरांचा पडतो. मी तक्रार करत नाही. ईदवरही मी लिहिले आहे आणि मनापासून लिहिले आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्यासारख्या अनेकांना आपण एकटे नाही, हे पहिल्यांदा कळले. ज्यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले, त्यांत फकरुद्दीन बेन्नूर होते आणि ते होते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. मुसलमानांच्या राजकारणावर त्यांनी आयुष्यभर मराठीतून लिहिले, कोणाची भीडभाड न ठेवता लिहिले. ते काम झाले नसते तर आमच्याविषयी इतरांनीच बोलत राहायचे आणि आम्ही ऐकत राहायचे, असे चालले असते.

ही परंपरा मोठी आहे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मोईन शाकिर यांनी खिलाफत चळवळीपासून फाळणीपर्यंतच्या मुस्लिम राजकारणाचा अभ्यास केला, तो १९७० साली ग्रंथरूपाने आला. रफिक झकेरिया आपल्या नालासोपाऱ्याचे. मुंबई विद्यापीठातून एम.ए. करून ते लंडनला गेले आणि तिथल्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले. त्यांचाही अभ्यास हिंदी मुसलमानांच्या राजकारणाचाच होता. या मंडळींनी तो विषय निवडला, कारण तो त्यांना छळत होता. आपल्याला जे छळते ते निवडावे, हा अधिकार त्यांनी बजावला. भाचीलाही नेमका तोच हवा आहे. फरक इतकाच, की तिला नळ छळतो.

यावर मी तिला एक उदाहरण सांगितले, ते तुम्हालाही सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबियाची त्यांची पीएचडी ‘फॅकल्टी ऑफ पोलिटिकल सायन्स’ची, म्हणजे राज्यशास्त्राच्या विद्याशाखेची आहे. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे विषय तेव्हा तिथे त्याच छपराखाली होते. आता विचार करा, या तरुणाच्या अर्जात विषयाचा रकाना असता आणि तो भरायचे काम लोकांवर सोपवले असते, तर त्यांनी काय भरले असते? जातीवर त्यांनी तिथे लिहिले, नाही असे नाही. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि तो आजही वाचला जातो. पण ज्या प्रबंधावर पीएचडी मिळाली, त्याचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा अर्थव्यवहार. सरकारच्या तिजोरीतला पैसा मध्यवर्ती सत्ता आणि प्रांत यांच्यात कसा वाटला गेला, कोणाच्या हाती किती अधिकार राहिला. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याने साम्राज्याच्या जमाखर्चाची वही उघडली आणि हिशेब विचारला.

आणखी एक गोष्ट. तो ग्रंथ लंडनला १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि पदवी हातात पडली १९२७ साली. कोलंबियाला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षांनी. मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले. ‘किती वर्षे लागतील आणि तोवर खायचे काय?’ हे मेहुण्यांचे दोन प्रश्न त्यांनाही चुकले नव्हते. हे मी मेहुण्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘चौदा वर्षे नको हं. सहा ठीक आहेत.’

पहिल्या नकारानंतर भाचीने आराखडा पुन्हा लिहायला घेतला. आराखडा म्हणजे अर्जासोबत जोडायचा दहा-बारा पानांचा मजकूर. प्रश्न काय, त्यावर आजवर कोणी काय लिहिले, गृहीतक काय, माहिती कशी गोळा करणार, प्रकरणे कोणती. आधीचे लेखन शोधताना तिला मोठा खजिना सापडला. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिथे मराठीतले राज्यशास्त्राचे प्रबंधही आहेत. मुंबईच्या पाण्यावर तर अमेरिकेत दोन नावाजलेली पुस्तके लिहिली गेली आहेत. लिसा ब्यॉर्कमन यांनी शिवाजीनगर-बैंगनवाडीत राहून नळांचे राजकारण लिहिले, ते ‘पाइप पॉलिटिक्स, कन्टेस्टेड वॉटर्स’ २०१५ साली आले. निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ २०१७ चे, त्यात आमच्या जोगेश्वरीचे प्रेमनगर आहे. आपला चावीवाला, आपला प्लंबर, आपली पाण्याची पाळी, सगळे त्या पुस्तकांत सन्मानाने बसले आहेत.

ती दोन्ही पुस्तके भाचीने शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. ‘मामू, यांनी फार चांगले लिहिले आहे,’ ती म्हणाली, ‘पण हे चार वर्षे नगरसेवक नसतानाचे नाही. आणि रांगेतल्या मुलीने लिहिलेले नाही.’

भाषेचा प्रश्न इथे येतो. तिने एम.ए.पर्यंतचे सगळे पेपर मराठीत लिहिले. ‘नेट’ची राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. जे मराठीत समजले ते हिंदीत ओळखायचे आणि इंग्रजीत पडताळायचे, अशी तिची परीक्षा तिहेरी झाली. आराखडा तिने आधी मराठीत लिहिला, मग इंग्रजीत केला. मराठी मसुदा मी वाचला, तेवढाच माझा सहभाग. ‘सत्तेच्या विकेंद्रित संरचनेच्या अनुपस्थितीत’ असे एक वाक्य होते. मी विचारले, हे टेकडीवर कोणाला कळेल? तिने ते खोडून लिहिले, ‘नगरसेवक नव्हता तेव्हा’. अर्थ तोच राहिला, उलट जास्त स्वच्छ झाला. व्होरा-पळशीकरांचा ‘राज्यशास्त्र कोश’ तिच्या उशाशी असतो. आपल्या भाषेत हे शास्त्र लिहिता यावे म्हणून मोठमोठ्या माणसांनी शब्द घडवून ठेवले आहेत. ते वापरायचे कधी आणि बाजूला ठेवायचे कधी, हे कळणे म्हणजे अर्धा प्रबंध, असे मला एक कारकुनी बुद्धीचा कवी म्हणून वाटते.

दुसऱ्या ठिकाणच्या मुलाखतीत प्रश्न वेगळा आला. एका प्राध्यापिकेने विचारले, ‘या रांगेत तू स्वतः उभी राहिली आहेस. मग तुझे निरीक्षण कोणते आणि तुझा राग कोणता, हे वेगळे कसे करणार?’ भाची म्हणाली, अजून नीट उत्तर सापडलेले नाही, पण एकच गोष्ट वेगवेगळ्या पाच-सहा जणांना विचारीन आणि वॉर्ड ऑफिसचे तक्रारींचे कागद शेजारी ठेवीन. घरी येऊन ती दोन दिवस त्याच प्रश्नावर बोलत होती. मला त्या बाई फार आवडल्या. त्यांनी तिचा समाज विचारला नाही, तिचा विषय हलकाही केला नाही. तो विषय तिचाच आहे असे धरून त्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. तिथे तिला प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला, पैशाचे कोडे सुटलेले नाही. ‘जेआरएफ’ मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर ४२ हजार. तिसऱ्या गटातल्यांना यातले काही नाही. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी मौलाना आझाद यांच्या नावाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती होती. २००९-१० मध्ये ती सुरू झाली. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन, सगळ्यांसाठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले, की इतर योजनांशी ती एकमेकांवर येते, म्हणून २०२२-२३ पासून बंद करण्यात येत आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा समाजासाठी ‘सारथी’, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी ‘महाज्योती’ या संस्था संशोधकांना मदत करतात. त्याच धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी संस्था उभारायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. तिच्याकडे आमचे लक्ष आहे. तोवर क्लासची नोकरी आहे, मेहुण्यांची रिक्षा आहे आणि सणासुदीला मामूचे पाकीट आहे. योजना कोणतीही असो, एक गोष्ट मला या निमित्ताने नीट कळली. शिष्यवृत्ती बंद होते तेव्हा माणूस तर थांबतोच, त्याच्यासोबत एक प्रश्नही विचारायचा राहून जातो. तो कोणता, हे कोणाला कधी कळत नाही, म्हणून त्याची चुटपुटही लागत नाही.

या माध्यमावरून बोलतो आहे, तर उषाबेन मेहतांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालवलेल्या काँग्रेस रेडिओचा आवाज त्या होत्या. बाविसाव्या वर्षी शिक्षण सोडले, नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये येरवड्याहून सुटल्यावर त्यांनी सुटलेला धागा पुन्हा हाती घेतला. मुंबई विद्यापीठातून गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर पीएचडी केली आणि पुढे मुंबईच्या कित्येक पिढ्यांना राज्यशास्त्र शिकवले. शिक्षणात खंड पडला म्हणून आता कसे होणार, असे म्हणणाऱ्या मुलींना मी ही गोष्ट सांगतो. त्यांच्या शिक्षणात तुरुंगाएवढा खंड पडला होता.

भाचीचे आता कोर्सवर्क चालू आहे. त्यात संशोधनपद्धती शिकवतात. संशोधनाची नीतिमत्ताही शिकवतात. म्हणजे लोकांची माहिती घेताना त्यांची परवानगी घ्यायची, त्यांची नावे बदलायची. सरावासाठी तिने टेकडीवरच्या एका मावशींशी बोलून पाहिले. मावशी जालन्याकडच्या, चाळीस वर्षे इथे राहतात. नाव बदलणार म्हटल्यावर त्या नाराज झाल्या. म्हणाल्या, ‘माझं नाव नको तर नको. पण पाणी पहाटे साडेतीनला येत होतं, ते साडेपाच करू नकोस.’ संशोधनाची नीतिमत्ता याहून थोडक्यात कोणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

तर श्रोते हो, तुमच्या घरात कोणी असा अर्ज भरत असेल, तर माझ्या बी.ए.च्या अकलेने दोन-चार गोष्टी सांगतो. तारखांवर लक्ष ठेवा, कारण गुण वर्षभरच टिकतात. कोणत्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे, याची चौकशी परीक्षेच्या आधीच सुरू करा. घरात एक टेबल आणि संध्याकाळचे दोन तास तिच्या नावावर करा. ‘कधी संपणार?’ हे वर्षातून एकदाच विचारा. आणि विषय मात्र तिला ठरवू द्या. मुसलमानाच्या मुलीने पाण्यावर लिहावे, आदिवासी मुलाने परराष्ट्र धोरणावर लिहावे, ब्राह्मणाच्या मुलाने मुस्लिम वस्त्यांवर लिहावे, कोणीही आपल्या स्वतःच्या समाजावरही लिहावे. देश सगळ्यांचा असेल, तर त्याच्याविषयीचे प्रश्नही सगळ्यांचे असायला हवेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)